व्होल्टेज धरणारं माणूस

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम टाकायचा असेल तर दोन माणसं लागतात, असं आनंदराव घोडमारे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. मानेवाडा रिंग रोडवर त्यांचं गॅरेज होतं. पुढं शटर, मागं राहायच्या दोन खोल्या आणि बाजूच्या बोळात एक जुनी ओम्नी. त्या दोन माणसांतलं एक ते स्वतः, आणि दुसरी त्यांची बायको शामला.

काम तसं सोपं दिसायचं. लॅपटॉप गाडीला जोडायचा, चावी चालू ठेवायची, इंजिन बंद, आणि प्रोग्राम आत जाईपर्यंत वाट बघायची. पण तेवढ्या वेळात गाडीचा पंखा फिरतो, दिवे लागतात आणि बॅटरी उतरत जाते. अध्येमध्ये व्होल्टेज पडलं तर प्रोग्राम अर्धवट राहतो, आणि अर्धवट प्रोग्रामची गाडी म्हणजे नुसता पत्रा. म्हणून आनंदराव ओम्नी शेजारी लावत, जाड केबलनं दोन्ही बॅटऱ्या जोडत आणि शामला ओम्नीचं इंजिन चालू ठेवून अॅक्सिलरेटरवर पाय धरून बसे. आरशाला टांगलेल्या मीटरवर नजर ठेवून ती आकडे सांगायची.

"तेरा सहा... तेरा पाच... तेरा सहा."

ओम्नीचं इंजिन सीटच्या खालीच असतं. नागपूरच्या उन्हात ती सीट तव्यासारखी व्हायची. शामला ओली चादर घडी करून अंगाखाली घ्यायची, मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा नाहीतर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. हात सोलत, निवडत असायचे आणि पाय इतका स्थिर, की आकडा फारसा हलायचा नाही. आकड्यांच्या मधे मधे तिचं बोलणं चालू असायचं. कुणाच्या पोरीचं जमलं, नळाला आज किती वेळ पाणी होतं, गॅस कधी संपेल. आनंदराव लॅपटॉपवरची नजर न काढता "हूं" म्हणायचे. दिवसभरात दोघांचं एवढं बोलणं एरवी कधी व्हायचं नाही. जेवताना आनंदराव बातम्या बघत, आणि रात्री पाठ टेकली की झोपत.

मग श्वेताला दिवस गेले. श्वेता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, हैदराबादला नवऱ्यासोबत राहायची आणि तिथंच नोकरी करायची. दिवाळीच्या आधी शामला बाळंतपणासाठी गेली. "तीन महिन्यांत येते," असं सांगून गेली. नातू झाला, हर्षित. तीन महिने झाले तेव्हा हर्षितला कावीळ होती. ती बरी झाली तर श्वेताची रजा संपली. तिच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांच्यानं पोर उचलवत नव्हतं. अशी एकेक कारणं येत गेली, आणि एकही कारण खोटं नव्हतं. दुसरी दिवाळी शामलानं तिकडंच केली.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत आनंदरावांच्या तोंडून शब्द निघत नसे. त्यामुळं दिवसाचं पहिलं वाक्य घोगरं यायचं आणि गिऱ्हाईक विचारायचं, "सर्दी झाली का भाऊ?" ते "हो, थोडीशी," म्हणत. भात सकाळी एकदाच लावत, तोच संध्याकाळी. प्रोग्रामिंगचं काम आलं की "सध्या माणूस नाही" म्हणून परत पाठवत. माणूस ठेवा, असं कुणी सुचवलं तर "येईलच ती आता," म्हणत.

चंपतरावांना मात्र परत पाठवता आलं नाही. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग होती. जुने गिऱ्हाईक, स्वभावाचे मोकळे. मार्चमधल्या एका दुपारी ते आपली बंद जीप दुसऱ्या गाडीमागं टोचन करून घेऊन आले. कुणीतरी तिचा कॉम्प्युटर बदलला होता आणि नवा कोराच बसवला होता. प्रोग्राम टाकल्याशिवाय जीप सुरू होणार नव्हती.

"सध्या ते काम नाही करून राहिलो मी," आनंदराव म्हणाले.

"मंग काय पुन्हा टोचन करून नेऊ का गा? एवढ्या दुरून आलो."

आनंदरावांनी ओम्नी काढली. केबल जोडली. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून लाकडाचा एक ठोकळा पेडल आणि सीट यांच्यामध्ये ठोकून बसवला. आकडा बरा दिसला. काम सुरू झालं. निम्म्याहून अधिक प्रोग्राम आत गेला असेल, तोच कंप पावून पावून ठोकळा सरकला. ओम्नीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आनंदराव धावेपर्यंत मीटर अकरावर आला होता. लॅपटॉपवर लाल पट्टी उमटली.

चंपतराव खुर्चीतून उठले.

"काय झालं?"

"थांबा जरा. बोलू नका."

आनंदरावांनी सगळं सोडलं, पुन्हा जोडलं, देवाचं नाव घेऊन कॉम्प्युटरशी बोलणं लावलं. दोन वेळा उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. कॉम्प्युटर पुरता मेला नव्हता, पहिल्यापासून प्रोग्राम घ्यायला तयार होता. पण आता ठोकळ्यावर भरवसा ठेवायची त्यांची छाती होईना.

"चंपतराव, तुम्ही बसा ओम्नीत."

"मी?"

"पाय ठेवा अन् त्या मीटरकडं पाहा. तेराच्या खाली नाही जाऊ द्याचं. आकडा सांगत राहा मले."

चंपतराव बसले. ट्रॅक्टर चालवलेला पाय, तसा स्थिर होता. पण आकडे सांगायचं ते विसरत. आनंदरावांना दर थोड्या वेळानं विचारावं लागे. मध्येच संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. चंपतराव दरावरून त्याच्याशी भांडायला लागले आणि पाय ढिला पडला.

"बारा नऊ! आनंदराव, बारा नऊ झालं!"

"दाबा ना मंग!"

शेवटी झालं एकदाचं. जीप सुरू झाली. चंपतराव शर्ट पाठीपासून सोडवत ओम्नीतून उतरले. "बापा! या सीटवर वहिनी कशा बसत होत्या गा? कुठी आहेत त्या?"

"हैदराबादले गेली. पोरीकडं."

"अजून? हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री घेऊन आलो होतो तवाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

आनंदराव केबल गुंडाळत राहिले. जीपमध्ये बसता बसता चंपतराव म्हणाले, "शोरूममध्ये म्हणे या कामासाठी मशीन असते. लाइटीवर चालते. घेऊन टाका एखादी. माणूस काहून अडकवून ठेवाचं त्याच्यात?"

त्या संध्याकाळी शामलाचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखा अर्धा पडदा हर्षितनंच व्यापलेला. त्याचे दात येत होते, तोंडात मूठ होती. आनंदरावांनी त्याला हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "मी एक मशीन घ्याची म्हणून राहिलो."

"कशाची?"

"व्होल्टेजची. तू बसायची ना ओम्नीत, त्या कामासाठी."

हर्षितच्या हातातला खुळखुळा वाजत होता.

"चांगली असते का?"

"पाहाची आहे अजून."

"मग पाहा ना. घेऊन टाका. किती दिवस असं चालवसान?"

आनंदरावांना वाटलं होतं, ती म्हणेल, कशाला घेता, मी येऊनच राहिली आहे. त्यांनी ते वाक्य दुपारपासून मनात धरून ठेवलं होतं. ती वेगळंच बोलली, आणि तेही चटकन. हर्षितनं फोनवर थापड मारली. पडद्यावर तिकडचा छताचा पंखा दिसायला लागला. "ठेवते, हा फोन पाडते आता," असा आवाज आला आणि कॉल संपला.

दोन दिवसांनी ते कामठी रोडवर ओमप्रकाशच्या दुकानात गेले. ओमप्रकाश गाड्या तपासायची यंत्रं विकायचा. माणूस बोलघेवडा, पण धंद्यात सरळ होता.

"बसा ना भाऊ. प्रोग्रामिंगसाठी पाहिजे ना? मग हा चार्जर नका घेऊ," त्यानं समोरचा जड डबा पायानं बाजूला सारला. "हा बॅटरी भरायले ठीक आहे. याचा करंट लाटेसारखा येते. बॅटरी सहन करते, पण गाडीचा कॉम्प्युटर नाजूक चीज आहे."

दुसरा डबा चकचकीत होता, वर मोठ्या अक्षरात एकशे वीस अँपिअर लिहिलेलं.

"हा?"

"सीधी बात सांगू? हे एकशे वीस दोन-चार सेकंदांसाठी. सतत किती देते ते मागं बारीक अक्षरात लिहिलं आहे, पाहा." ओमप्रकाशनं डबा उलटा केला. तिथं चाळीस होतं. "तुमच्याकडं मोठ्या गाड्या येतात. पंखा फिरला, हेडलाइट लागले, की हा बसते."

त्यानं एका फळीवर हेडलाइटचे बल्ब बसवलेले होते, यंत्रावर भार टाकून दाखवायला. आनंदरावांनी पिशवीतून आपला मीटर काढून जोडला. एकेक बल्ब लागत गेला तसा त्या चकचकीत डब्याचा आकडा तेरा सहावरून घसरत बारा नऊवर आला. मग ओमप्रकाशनं एक राखाडी डबा काढला. दिसायला साधा, सतत सत्तर अँपिअरचा. सगळे बल्ब एकदम लावले. खोलीत डोळे दिपवणारा उजेड झाला. आकडा तेरा सहालाच होता.

"आता चहा होऊ द्या," ओमप्रकाश म्हणाला. "गरम झाल्यावर खरं समजते."

चहा येईपर्यंत, पिऊन होईपर्यंत बल्ब तसेच जळत होते. आनंदरावांनी मीटरकडं पुन्हा पाहिलं. तेरा सहा.

"तुमच्या भागात कूलर सुरू झाल्यावर व्होल्टेज पडत असन?"

"पडते ना. मे महिन्यात ट्यूबलाइटही लागत नाही कधी कधी."

"हा एकशे साठ व्होल्टवरही चालते. लाइट पूर्ण गेली तर मात्र गाडीच्या बॅटरीवर जेवढं निघते तेवढंच, हे ध्यानात ठेवा. एकटेच काम करता का?"

"हो."

"मग लांब वायरचा घ्या. लॅपटॉपजवळ बसून दिसला पाहिजे. आतापर्यंत कसं करत होता?"

"मिसेस बसत होती. ओम्नी चालू ठेवून."

"अन् आता?"

"ती हैदराबादले असते," आनंदराव म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. इतके दिवस ते सगळ्यांना "गेली आहे" सांगत होते. ओमप्रकाशला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तो लांब वायर शोधायला आत गेला होता. आनंदराव त्या जळत्या बल्बांसमोर तसेच बसून राहिले. मग त्यांनी राखाडी डबा घेतला.

मशीननं तक्रारीला जागा ठेवली नाही. पहिल्याच कामाच्या वेळी शेजारच्यांचा कूलर सुरू झाला, गॅरेजातली ट्यूबलाइट फडफडली, डब्यावरचा आकडा जागचा हलला नाही. सवयीनं आनंदराव गाडीजवळ उभेच होते. थोड्या वेळानं त्यांना उमगलं, की उभं राहायची गरज नाही. बघायचीसुद्धा नाही. ते आत गेले आणि पातेलं घासून ठेवलं. प्रोग्राम चालू असताना गाडीला सोडून आत जायची त्यांची ही पहिलीच वेळ. परत आले तर काम होत आलेलं होतं. डब्याच्या पंख्याची बारीक घरघर सोडली तर गॅरेजात आवाज नव्हता.

कामं वाढली. कळमेश्वरच्या गॅरेजवाल्यांनाही कळलं, तेही बोलवायला लागले. आनंदराव स्कूटरवर पायाशी डबा ठेवून जात, काम करून येत. ओम्नी बोळात उभी राहून राहून तिच्या टायरांतली हवा गेली. भिवापूरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला बाजारात पोती न्यायला गाडी हवी होती. त्यानं इंजिन सुरू करून ऐकलं, आत डोकावला, घेऊन गेला. बोळ मोकळा झाला. आता तिथं दुसरी गाडी लावता यायची.

मे महिन्यात शामलाच्या भाचीचं लग्न निघालं आणि ती हर्षितला घेऊन आठवड्यासाठी आली. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिचं लक्ष बोळाकडं गेलं.

"ओम्नी?"

"विकली."

"सांगितलं नाही."

"त्यात काय सांगाचं."

हर्षितला खाली सोडून तिनं घर झाडायला घेतलं. त्या आठवड्यात घराला आवाज आला. हर्षित गॅरेजातले लोखंडी पाने आपटायचा, शटरला थपडा मारायचा, दुपारी कूलरसमोर उघडा झोपायचा. आनंदराव काम टाकून त्याच्याकडं बघत बसत. त्यांचा सकाळचा आवाज घोगरा येईनासा झाला.

लग्न झाल्यावर एका दुपारी प्रोग्रामिंगचं काम आलं. हर्षित झोपला होता. आनंदरावांनी लॅपटॉप जोडला, तशी शामला पदराला हात पुसत बाहेर आली.

"मले काही कराचं?"

"नाही. बस तू."

तिनं स्टूल ओढलं. डब्याकडं बघितलं. "हीच का?"

"हो."

"एवढीशी आहे."

"हूं."

शामला बसून राहिली. आनंदराव लॅपटॉपकडं बघत होते. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटत होतं. हैदराबादचं विचारावं, तिथं तिला करमतं का, तिच्या पाठीचं काय. पण नुसतं असं समोरासमोर बसून बोलायची सवय त्यांना कधी नव्हतीच. तिलाही नसावी. दोनदा तिनं तोंड उघडल्यासारखं केलं. मग आतून हर्षितची कुरकुर आली नसतानाही "उठला वाटते" म्हणून ती आत गेली. आनंदरावांनी कान देऊन ऐकलं. पोर उठलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ते तिला नागपूर स्टेशनवर सोडायला गेले. बॅगा सीटखाली लावल्या. गाडी सुटायला वेळ होता. हर्षित खिडकीच्या गजाला धरून फलाटावरच्या कुत्र्याकडं बघत होता. आनंदराव खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

"तुम्ही एकदाही म्हटलं नाही," शामला म्हणाली.

"काय?"

"परत ये म्हणून."

"तुले कळत नव्हतं का वं?"

"कळत होतं. पण एकदा म्हणाचं तर असते. तुम्ही मशीनचं बोलले, मले वाटलं, आता मी नाही आली तरी भागते."

"अन् तू 'घेऊन टाका' म्हटलं. मले वाटलं, तुले परत याचंच नाही."

शामलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, हर्षितला सावरून धरलं. "असे कसे हो आपण," ती म्हणाली.

"ये मग," आनंदराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या खिडकीतल्या बाईनं वळून बघितलं.

शामलानं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. "याले पाहणारी बाई भेटली तर पाहते. श्वेता एकटी काय काय करन? पाहते पावसाळ्यात." मग म्हणाली, "तुम्ही या ना तिकडं. दुकान ठेवा चार दिवस बंद."

गाडी हलली. आनंदराव काही पावलं सोबत चालले आणि थांबले.

पावसाळ्यात बाई मिळाली, ती पंधरा दिवसांत सोडून गेली. शामला आली नाही. गणपतीत आनंदरावांनी शटरवर "बंद आहे" असा कागद चिकटवला आणि हैदराबादला गेले. चार दिवसांचे आठ दिवस झाले. पहिले दोन दिवस सोफ्यावर नुसते बसून होते, जावई ऑफिसला जाताना "काका, टीव्ही लावा" म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी शामलासोबत हर्षितला बाबागाडीत घेऊन फिरायला जायला लागले. सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारताना ती बोलायची, आणि ते आता "हूं"च्या पुढं एखादं वाक्य बोलायचा प्रयत्न करायचे. कधी जमायचं, कधी दोघं गप्पच चालायचे. आनंदरावांनी तिकडंच राहावं, असं कुणी म्हटलं नाही. त्यांनाही ते जमलं नसतं.

एकटेच परत आले. घरात कोंदट वास भरला होता. खिडक्या उघडल्या, बॅग भिंतीशी ठेवली आणि फोन लावला. शामलानं उचलला नाही. थोड्या वेळानं तिचाच आला.

"पोराले आंघोळ घालून राहिली होती. पोचले का?"

"पोचलो."

"पाणी आलं का नळाला?"

"अजून पाहिलं नाही. येतो पाहून."

"पाहा. टाकी भरून घ्या. अन् जेवले का?"

"वाटेत खाल्लं थोडं. तू?"

"व्हाचं आहे." तिकडं हर्षित पाण्यात काहीतरी आपटत होता. "बरं, ठेवू?"

"शामला."

"काय?"

"लवकर ये."

"हो," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून, "उद्या करा फोन. दुपारी. दुपारी हा झोपते."

आनंदरावांनी बरं म्हटलं. नळाला पाणी आलं होतं. टाकी भरायला लावून ते पुढं गेले, शटरवरचा कागद काढला आणि शटर वर ढकललं.